राजघराणे, युद्ध आणि प्रार्थना: दोन काळांची कादंबरी कशी सांधावी?

प्रश्न: मी एक ख्रिस्ती प्रेमकादंबरी लिहीत आहे. आजच्या काळातील एका काल्पनिक राजघराण्याच्या राजपुत्राची वाग्दत्त वधू आजीची पत्रे वाचते आणि १९४० सालच्या नॉर्वेतील एक अपुरे प्रेम उलगडत जाते. युद्धाचा भाग जमला आहे. प्रार्थनेचे प्रसंग मात्र वरून चिकटवल्यासारखे वाटतात.

उत्तर १: श्रद्धेची किंमत पात्रांना मोजू द्या. १० एप्रिल १९४० रोजी राजे हाकोन सातवे यांनी मंत्रिमंडळाला सांगितले, की जर्मन आक्रमकांना हव्या असलेल्या क्विस्लिंग या नाझीधार्जिण्या नेत्याची पंतप्रधानपदी नेमणूक मान्य करायची असेल तर आपण सिंहासन सोडू. दुसऱ्याच दिवशी, राजे थांबले होते त्या न्यूबर्गसुंड गावावर जर्मन बॉम्ब पडले आणि राजांना बर्फातल्या झाडांआड आसरा घ्यावा लागला. अशा जागी प्रार्थना एका ओळीचीच असते, आणि तीच पुरते.

उत्तर २: १९४२चा ईस्टर तुम्ही सोडू नये. ५ एप्रिलला नॉर्वेतील चर्चांमध्ये ‘चर्चचा पाया’ हे नाझीधार्जिण्या सरकारच्या हस्तक्षेपाला नकार देणारे निवेदन वाचले गेले आणि बहुसंख्य पाळकांनी सरकारी पदाचे राजीनामे दिले. तुमचा नायक पाळक असेल, तर पगार गेला तरी सेवा चालूच, हा पेच प्रेमकथेलाही बळ देईल.

उत्तर ३: एक बारीकशी गोष्ट. आजची नायिका पंचविशीतली असेल, तर १९४०ची तरुणी तिची आजी नव्हे, बहुधा पणजी ठरते. वाचक हे हिशेब हमखास करतात!

प्रश्नकर्ती: पणजीच करते. ईस्टरचे प्रकरण आज नव्याने लिहायला घेतले आहे.