अक्कलदाढेची शस्त्रक्रिया : शिरेतून गुंगी द्यावी की नायट्रस ऑक्साइडवर भागेल?

माझ्या आईची (वय 61) खालची अक्कलदाढ जबड्याच्या हाडात आडवी अडकली असून ती शस्त्रक्रियेने काढून त्याच दिवशी घरी सोडणार आहेत. लिडोकेन व ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनाने जागा बधिर करायची आणि जोडीला मिडाझोलाम (गुंगीचे औषध) व फेंटानिल (अफूवर्गीय तीव्र वेदनाशामक) शिरेतून द्यायचे, असे ठरले आहे. वेदना थांबवण्याचे मुख्य काम लिडोकेनचे आणि गुंगी प्रामुख्याने भीतीसाठी, हे मला समजते. परंतु सुई पाहूनच घाम फुटणाऱ्या आईला नुसते बधिर करून भागणार नाही.

अडचण अशी की तिला स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार) आहे, रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र) लावावे लागते, शिवाय अर्धशिशीसाठी ती रोज प्रोप्रॅनोलॉल घेते. मिडाझोलाम आणि फेंटानिल एकत्र दिल्यास श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, असे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. त्याऐवजी नायट्रस ऑक्साइड (भीती कमी करण्यासाठी हुंगायला देतात तो वायू) पुरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मी भूलतज्ज्ञ आहे; रुग्णाला न तपासता निर्णय देता येत नाही, तरी आपली शंका रास्त आहे. नायट्रस ऑक्साइड श्वासावर फारसा दाब आणत नाही आणि ते थांबवून ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत उतरते, म्हणून या रुग्णासाठी त्याचा विचार आधी व्हावा; मात्र ते नाकावरच्या मास्कमधून घ्यायचे असल्याने नाक चोंदलेले असेल तर उपयोग होत नाही.

शिरेतूनच गुंगी द्यायची ठरली, तर फेंटानिल वगळून केवळ मिडाझोलाम थोडेथोडे देता येईल का, हे विचारावे. त्याला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण उताऱ्याचा असर आधी ओसरून गुंगी परतू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शस्त्रक्रिया करणाऱ्याखेरीज केवळ श्वासावर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून श्वास चालू आहे का हे दाखवणारे यंत्र) असणार का? ऑक्सिजन सुरू असताना श्वास थांबला, तरी बोटावरचा ऑक्सिमीटर ते उशिरा दाखवतो.

प्रोप्रॅनोलॉलबाबत शल्यचिकित्सकांना आवर्जून सांगावे, कारण त्यासोबत ॲड्रेनालिन जास्त गेल्यास रक्तदाब चढून नाडी मंदावू शकते. ॲड्रेनालिन मोजकेच वापरता येते, म्हणून प्रोप्रॅनोलॉलची गोळी स्वतःहून बंद करू नये. आईंचा ॲप्निया किती तीव्र आहे, हे झोपेच्या तपासणीच्या अहवालात पाहून येथे कळवाल का?