विषय: मंडळाच्या ॲपवर ‘नावडलं’चं बटण हवं का?

सप्रेम नमस्कार मंडळी,

नव्या ॲपवर फक्त ‘आवडलं’ आहे. ‘नावडलं’ही हवं. रक्तदाबाची गोळी सोडून लसूण खा, असं सांगणाऱ्या पोस्टला परवा चाळीस अंगठे मिळाले. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी काय करायचं? यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा लपवला, तेव्हापासून नळदुरुस्तीचा व्हिडिओ भिकार आहे हे तो पूर्ण बघितल्यावरच कळतं. तोच घोळ आपण का घालायचा?

— काका

*

काका, नमस्कार.

सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी पुण्यात आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला.

लसणाच्या पोस्टचा मलाही संताप आला. पण चाळीस वर, पंधरा खाली, एवढ्यावरून गोळी सोडणाऱ्याला काय कळलं असतं? तिथे एक वाक्य हवं होतं : डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. आपल्यात डॉक्टर आहेत, कुणीच लिहिलं नाही. खरं दुखणं ते आहे.

छोट्या चॅनेलवर लोक ठरवून नापसंतीचा मारा करतात, हे कारण यूट्यूबने तेव्हा दिलं होतं. आपण तर त्याहून छोटे. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साईटवर, इतरांच्या पसंतीतून मिळणारे १२५ गुण झाल्याशिवाय उणं मत, म्हणजे ‘नावडलं’, देता येत नाही, आणि कुणाच्या उत्तराला दिलंच तर देणाऱ्याचाही एक गुण जातो. फुकट ठेवलं तर लोक ऊठसूट दाबतील, हे त्यांनी ओळखलं होतं.

स्टॅनफर्ड आणि मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली चार मोठ्या साईटवरच्या प्रतिक्रिया तपासल्या. उणी मतं मिळालेले लोक सुधारले नाहीत. ते आणखी लिहीत राहिले, आणखी वाईट लिहीत राहिले आणि इतरांनाही उणी मतं देऊ लागले. ज्यांना कुणी काहीच म्हटलं नाही, ते सगळ्यात जास्त सोडून गेले.

मला काळजी आहे ती आपल्या मंडळातल्या, तिकडे परदेशात वाढलेल्या मुलांची. नववीतल्या त्या मुलाने ‘माझी आजीचा घर’ असं शीर्षक देऊन आयुष्यातला पहिला मराठी लेख टाकला. त्याच्याखाली सहा उलटे अंगठे आले असते, तर त्याला कळलं असतं का की ते व्याकरणासाठी आहेत? तो पुन्हा मराठीत लिहिणार नाही, काका.

गेल्या आठवड्यात सासऱ्यांना हट्टाने वसंत व्याख्यानमालेला जायचं होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही माला अजून टिळक स्मारकात भरते. व्याख्यान संपल्यावर डोळ्याला काळा चष्मा लावलेले सासरे काठी टेकत वक्त्याजवळ गेले आणि म्हणाले, “तुम्ही सांगितलेलं साल चुकलंय.” वक्त्याने ते लिहून घेतलं. नंतर दोघं दहा मिनिटं बोलत उभे होते. बटणाने हे कसं झालं असतं?

— तुमची, सध्या मुक्काम सदाशिव पेठ

*

ताई,

मुलाचा मुद्दा पटला, लेखांवर बटण नको. पण तुमचे सासरे निर्भीड आहेत. आपल्याकडे कार्यकारिणीच्या चुकीवर स्वतःच्या नावाने कोण लिहितो? वर्गणीवाढीसारख्या ठरावांना तरी गुप्त विरोधी मत हवंच. हे दोन्ही एकत्र मांडणार असाल तर रविवारच्या बैठकीत माझं अनुमोदन धरा. आणि लसणाच्या पोस्टखाली मी आत्ताच लिहून आलोय, नावानिशी.

— काका