मदत हवी आहे : खारट पाण्यात बी का रुजत नाही, हे विद्यार्थी प्रकल्पातून कसे शोधावे?

नमस्कार.

माध्यमिक शाळेतील चार विद्यार्थ्यांच्या एका गटाला मी विज्ञान प्रकल्पासाठी मार्गदर्शन करीत आहे. विषय बीजांकुरणाचा आहे. पाणी, हवा आणि ऊब मिळाली की बी रुजते, हे दाखवणारा प्रयोग त्यांनी मागेच केलेला असल्यामुळे, ज्याचे उत्तर आधीच पाठ आहे ते पुन्हा करण्याची त्यांची इच्छा नाही आणि मलाही ते योग्य वाटत नाही. गटातील एका मुलीने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटला : मिठाच्या पाण्यात बी रुजत नाही, ते तिला पाणी ओढून घेता येत नाही म्हणून, की मीठ आत शिरून गर्भाला इजा करते म्हणून? पहिल्या प्रकारात बी जिवंत असते आणि फक्त थांबलेली असते, तर दुसऱ्या प्रकारात ती मेलेली असते. परंतु बाहेरून पाहताना दोन्ही सारख्याच दिसतात. हा फरक शाळेच्या साधनांनी दाखवता येईल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

आतापर्यंत ठरलेली आखणी अशी आहे. मूग घ्यायचा, कारण तो लवकर रुजतो आणि त्याचे आदिमूळ, म्हणजे बीतून प्रथम बाहेर येणारे मूळ, स्पष्ट दिसते. सर्व बिया एकाच पिशवीतल्या असतील; फुटक्या आणि किडक्या बिया आधीच वेगळ्या काढल्या जातील. शुद्ध पाण्याचा एक नियंत्रण संच आणि 50, 100, 150 व 200 मिलीमोलर तीव्रतेची मिठाची चार द्रावणे, म्हणजे लिटरमागे अनुक्रमे सुमारे 2.9, 5.8, 8.8 आणि 11.7 ग्रॅम मीठ, अशी विभागणी आहे. प्रत्येक तीव्रतेसाठी गाळणकागद घातलेल्या चार पेट्री बश्या, प्रत्येक बशीत 25 बिया, म्हणजे एकूण 500 बिया लागतील. आदिमूळ टरफलातून किमान 2 मिलिमीटर बाहेर आले की बी रुजली असे मानायचे आणि सात दिवस रोज ठरलेल्या वेळी मोजणी करायची.

याखेरीज दोन शंका आहेत. बश्यांतील पाण्याची वाफ होऊन द्रावण हळूहळू अधिक खारट होईल, त्यावर उपाय काय करावा? आणि बियांची संख्या कमी करून तीव्रतांची संख्या वाढवावी, असे काही विद्यार्थ्यांचे म्हणणे आहे; ते मान्य करावे का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर मत द्यावे.

प्रतिसाद १

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न उत्तम आहे आणि तो सोडवण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. सातव्या दिवशी ज्या बिया रुजलेल्या नसतील त्या शुद्ध पाण्याने दोन-तीन वेळा धुवाव्यात, नव्या बशीत शुद्ध पाण्यावर ठेवाव्यात आणि आणखी चार-पाच दिवस पाहाव्यात. त्यांपैकी बहुतेक रुजल्या, तर मिठाने त्यांना केवळ रोखून धरले होते, म्हणजे अडचण मुख्यतः परासरणाची, अर्थात खारट द्रावणातून पाणी ओढून घेता न येण्याची, होती. त्या तशाच पडून राहिल्या किंवा मऊ होऊन कुजल्या, तर मिठाने इजा केली असण्याची शक्यता वाढते. ‘शक्यता’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण इतके दिवस ओल्या राहिलेल्या बिया बुरशीमुळेही मरतात. म्हणूनच नियंत्रण संचातील न रुजलेल्या बियाही त्याच दिवशी, त्याच पद्धतीने धुऊन हलवाव्यात. मुळातच मेलेल्या बिया आणि टरफल टणक असल्यामुळे पाणी न शोषणाऱ्या बिया किती होत्या, हे त्यांच्यावरून कळेल आणि तेवढी वजावट करता येईल.

या कसोटीत एक व्यावहारिक अडचण आहे. ज्या तीव्रतेला जवळजवळ सगळ्या बिया रुजतात, तेथे हलवण्यासाठी बियाच उरत नाहीत. त्यामुळे मुख्य प्रयोगाआधी थोड्या बियांवर चाचणी घेऊन, साधारण निम्म्या बिया अडतील अशी तीव्रता शोधावी. 200 मिलीमोलरलाही बहुतेक बिया रुजल्या, तर 300 मिलीमोलरचे, म्हणजे लिटरमागे सुमारे 17.5 ग्रॅम मिठाचे, द्रावण घ्यावे लागेल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्याच्या ते निम्मे होते.

परासरणाचा परिणाम स्वतंत्रपणे पाहायचा असेल, तर जे द्रावण पाणी तितकेच रोखून धरते पण ज्यात सोडियम नाही, असे द्रावण शेजारी ठेवावे. मिठाच्या प्रत्येक रेणूसूत्रातून पाण्यात दोन आयन सुटे होतात, म्हणून 100 मिलीमोलर मिठाच्या तोडीला मॅनिटॉल (साखरेसारखा, पाण्यात आयन न सोडणारा पदार्थ) सुमारे 200 मिलीमोलर, म्हणजे लिटरमागे 36.4 ग्रॅम लागते. साखर सहज मिळते, पण ती वापरू नये असे माझे मत आहे : तिच्यावर बुरशी झपाट्याने वाढते आणि निकाल गढूळ होतो. मॅनिटॉल मिळाले नाही, तर हा भाग सोडून द्यावा. धुऊन हलवण्याची कसोटी एकटी पुरेशी बोलकी आहे.

माझी आग्रहाची सूचना वजनाबद्दल आहे. प्रत्येक बशीतील बियांचे वजन सुरुवातीला आणि 24 तासांनी, वरचे पाणी टिपून, करावे. बी पाणी शोषते ती पहिली पायरी निव्वळ भौतिक असते. उकळून मारलेली बीसुद्धा फुगते. अशा उकळलेल्या बियांची एक बशी ठेवली, तर फुगणे म्हणजे रुजणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. जिवंत बीत सुरुवातीच्या वेगवान शोषणानंतर काही काळ वजन जवळपास स्थिर राहते. त्या काळात आत श्वसन आणि विकरांची कामे सुरू झालेली असतात, आणि आदिमूळ बाहेर पडताना शोषण पुन्हा वाढते. खारट पाण्यात यातली कोणती पायरी अडते, हे वजनावरून बऱ्यापैकी ओळखता येते.

प्रतिसाद २

बियांच्या संख्येबद्दल लिहितो. संख्या अजिबात कमी करू नये. खरी उगवण 80 टक्के असलेल्या बियांतून 10 बियांचा नमुना घेतला, तर केवळ योगायोगाने टक्केवारीत सुमारे 25 अंकांपर्यंत वर-खाली फरक पडू शकतो. 100 बियांत हाच फरक सुमारे 8 अंकांवर येतो. दहांपैकी आठ आणि दहांपैकी सहा या निकालांवरून काहीच ठरवता येत नाही, आणि नेमका याच ठिकाणी अनेक प्रकल्पांचा निष्कर्ष कोसळतो. तीव्रता तीनच ठेवा, पण बिया तितक्याच ठेवा. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघाच्या पद्धतीतही 400 बिया तपासल्या जातात. शिवाय निकाल मांडताना प्रत्येक बशीची टक्केवारी वेगळी दाखवा, कारण एका बशीतील 25 बिया एकाच कागदावर, एकाच पाण्यात असतात आणि त्यांना 25 स्वतंत्र पुरावे मानता येत नाही. बश्यांच्या जागाही चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, अन्यथा खिडकीजवळच्या उबेचा परिणाम मिठाच्या नावावर जमा होईल.

बाष्पीभवनासाठी बश्या झाकून ठेवाव्यात, रोज वजन करावे आणि जेवढे कमी झाले तेवढे शुद्ध पाणीच घालावे. द्रावण घातले, तर मीठ वाढत जाईल. पाण्याचे तळे मात्र साचू देऊ नये. बुडालेल्या बियांना प्राणवायू कमी पडतो, आणि मग रुजण्यातील अडथळा मिठाचा की गुदमरण्याचा, हे सांगता येणार नाही.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. तीव्रता तीन करीत आहोत, आणि उकळलेल्या बियांची बशी व रोजचे वजन हे दोन्ही आखणीत घेतले आहे. एक शंका उरली आहे. मिठामुळे बिया उशिरा रुजल्या, पण शेवटी तितक्याच रुजल्या, तर तो फरक आकड्यांत कसा दाखवावा?

प्रतिसाद २ कडून पुन्हा

त्यासाठी सरासरी अंकुरण काळ काढावा. प्रत्येक दिवशी नव्याने रुजलेल्या बियांच्या संख्येला त्या दिवसाच्या क्रमांकाने गुणावे, सर्व गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला एकूण रुजलेल्या बियांच्या संख्येने भागावे. समजा पहिल्या दिवशी 10, दुसऱ्या दिवशी 12 आणि तिसऱ्या दिवशी 2 बिया रुजल्या, तर 10, 24 आणि 6 मिळून 40 होतात. 40 ला 24 ने भागल्यावर सुमारे 1.67 दिवस येतात. मूग इतका लवकर रुजतो की दिवसातून एकच मोजणी या मापासाठी अपुरी पडेल. पहिले तीन दिवस तरी सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने मोजावे आणि काळ तासांत लिहावा.