सासवडच्या माळावरचा राखाडी शिकारी पक्षी कोणता?

प्रश्न : जानेवारीत सकाळी सासवडजवळच्या माळावर फिरताना राखाडी रंगाचा एक शिकारी पक्षी दिसला. पंख किंचित वर उचलून तो गवताला जवळजवळ स्पर्श करीत तरंगत होता; पंखांची टोके काळी होती आणि वरच्या बाजूने पंखावर एक बारीक काळी रेघ होती. जवळच तपकिरी रंगाचा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेला दुसरा पक्षी होता. ही कापशी (लहान पांढरट-राखाडी घार) असावी का?

प्रतिसाद १ : कापशी नसावी. ती तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसते आणि हवेत एकाच जागी पंख फडफडवीत थांबते. आपण वर्णन केलेले उड्डाण भोवत्याचेच (हॅरियर, गवतावरून खालून तरंगत शिकार करणारा पक्षी) आहे.

प्रतिसाद २ : सहमत आहे. पंखावरील काळी रेघ ही माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराची खूण आहे. त्याच्यासारख्याच दुसऱ्या जातीच्या, म्हणजे पांढुरक्या भोवत्याच्या नराला ती नसते, तो अधिक फिकट असून त्याच्या पंखाच्या टोकाशी काळ्या रंगाची निमुळती पाचर दिसते. तपकिरी पक्षी मादी किंवा अल्पवयीन असेल, मात्र दोन्ही जातींच्या माद्या इतक्या सारख्या असतात की मानेभोवतीची फिकट कड, जी पांढुरक्या भोवत्यात ठळक असते, छायाचित्रात पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. हे पाहुणे मध्य आशियातून येतात, नाकतोडे व छोटे पक्षी खातात आणि रात्री गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. म्हणून कृपया संध्याकाळी त्या गवतात शिरू नका आणि मुक्कामाची नेमकी जागा येथे लिहू नका.