माणसांच्या प्लेटा, स्क्रू आणि दातांचे इम्प्लांट जनावरांना: वापरावेत की नाही?

रापण (धागाकर्ता)
मांडीचं हाड मोडलेल्या कुत्र्याला प्लास्टरचा उपयोग नाही. प्लास्टरमध्ये मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरावे लागतात, आणि खुबा काही धरता येत नाही. तरी महामार्गावर गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याच्या मालकाला आपल्याकडे दोनच वाटा सांगतात: पाय काढा, नाहीतर मुंबई गाठा. चिपळूण काय, कुडाळ काय, माणसांची हाडं बसवणारे डॉक्टर तर सगळीकडे आहेत. त्यांच्याकडच्या लहान मापाच्या, न वापरलेल्या प्लेटा आणि स्क्रू जनावरांना सर्रास वापरावेत असं माझं मत आहे.

धातू तोच, ३१६एल (शरीरात बसवायचं गंजरोधक) स्टील. कायद्याची भिंतही नाही: एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत माणसं आणि प्राणी दोन्ही एकाच वाक्यात आहेत. मापं (स्क्रूच्या जाडीची) ढोबळ सांगतो. ४-५ किलोपर्यंत २.० मिमीचा सेट (हाताच्या बोटांचा किंवा जबड्याचा), मधल्या वजनाला २.७, वीस किलोच्या पुढे ३.५. ३.५ च्या स्क्रूला २.५ चं ड्रिल, २.७ ला २.०, २.० ला १.५. मोडलेल्या जागेच्या प्रत्येक बाजूला निदान तीन स्क्रू, प्रत्येक स्क्रू हाडाच्या दोन्ही भिंतींतून. प्लेट ताणाच्या बाजूला: मांडीला बाहेरून, नडगीला आतून, पुढच्या पायाच्या रेडियसला (कोपराखालच्या मुख्य हाडाला) समोरून.

गडगा
धातू तोच, पण भार तोच नाही. माणसाला प्लेट लावून सहा-आठ आठवडे कुबड्या देता येतात. कुत्रं दुसऱ्या दिवशी त्या पायावर उभं राहतं आणि मांजर दिसलं की धावतं. माणसाची प्लेट "हाड जुळेपर्यंत रुग्ण ऐकेल" या भरवशावर बनवलेली असते.

प्लेट मोडते ती बहुतेकदा रिकाम्या भोकापाशी. मोडलेल्या जागेवर भोक रिकामं राहिलं की सगळी वाक तिथेच येते आणि स्टील थकून तुटतं. तुकडे नीट बसत नसतील तर प्लेटीसोबत हाडाच्या आतल्या पोकळीत पिन (धातूची सळई) घाला, पोकळीच्या रुंदीच्या ३५-४० टक्के जाडीची. प्लेट नसेल आणि एकटी पिन असेल तर ६०-७० टक्के हवी, तरी पिन गोल फिरणं थांबवत नाही. मांडीत ती वरून खाली घालावी. खालून वर घातली तर वर बाहेर पडताना सायटिक नस (मागच्या पायाची मुख्य नस) सापडायची भीती.

उलट टोकाची चूकही होते. दोन-अडीच किलोच्या पॉमेरेनियनच्या रेडियसची रुंदी ५ मिमी धरा. स्क्रू रुंदीच्या ४० टक्क्यांच्या वर नको, म्हणजे २ मिमी. "सेटमध्ये आहे" म्हणून तिथे २.७ घातला तर हाड स्क्रूच्या भोकातूनच फुटेल. आणि जाड प्लेट बसलीच तर तिच्याखालचं हाड भार न मिळाल्याने विरळ होत जातं. या जातींत मनगटाजवळच्या भागाला रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो.

पागोळी
रापण, "न वापरलेल्या" हा शब्द तुम्ही घातलात ते बरं केलंत, कारण प्रत्यक्षात माणसातून काढलेल्या प्लेटा उकळून वापरायची सूचना हटकून येते. ते नको. एकदा वाकवलेली, स्क्रूने ओरखडलेली प्लेट वरून चकचकीत दिसली तरी आतून थकलेली असते. शिवाय २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे काढलेले धातूचे इम्प्लांट निळ्या खुणेच्या डब्यात जातात. ते नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत.

पाकिटावरची तारीख टळली असेल तर साध्या स्टीलच्या प्लेटीचं काही बिघडत नाही, निर्जंतुकतेची हमी संपते. उत्पादकाने पुन्हा निर्जंतुक करायला मुभा दिली असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायच्या यंत्रात) १२१ अंशाला अर्धा तास, किंवा १३४ ला चार मिनिटं. प्लास्टिकचे भाग असलेले कृत्रिम सांधे मात्र वेगळे, त्यांना हात लावू नका.

किनाऱ्यावर खरी गोम पाण्यात आहे. खाडीलगतच्या विहिरीला क्षार असतात, आणि क्लोराइडने ३१६एललाही बारीक खड्डे पडतात. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने, ऑटोक्लेव्हमध्येही तेच. अवजारं सलाइनमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची सवय सोडा. पावसाळ्यात पाकीट ओलं बाहेर आलं तर ते निर्जंतुक नाही, परत लावा. आणि स्टीलच्या प्लेटीला टायटॅनियमचे स्क्रू लावू नका.

रापण
गडगा, भाराचं मान्य. पण तो माप निवडण्याचा प्रश्न झाला. माणसांचं सामान वापरू नये असं त्यातून निघत नाही. २.० ची बोटांची प्लेट त्या पॉमेरेनियनसाठी नेमकीच आहे. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला २.७ पुरते. हवा तेवढाच ताण येईल अशी व्यवस्था बाकी मालकाकडे: सहा आठवडे पिंजरा, दोरीने बांधून लघवीपुरतं बाहेर.

गडगा
एक अट घालतो. लॉकिंग प्लेट (जिच्या भोकातल्या आट्यांत स्क्रूचं डोकंही पक्कं बसतं) आणि तिचे स्क्रू एकाच उत्पादकाचे. डोक्याचे आटे वेगळे असले तर हाताला घट्ट लागतो पण बसत नाही, आणि आठवड्याभरात मागे सरकतो. त्याचं ड्रिलही गाइडमधूनच, सरळ. अशा "पडून असलेल्या" ढिगाऱ्यात हेच मिसळलेलं असतं. त्यापेक्षा साधी प्लेट घ्या.

करवंद
शीर्षकात दात आहेत आणि त्यावर कोणीच बोलत नाही! दातांच्या इम्प्लांटला माझा साफ विरोध. ते जमणार नाहीत म्हणून नाही. स्वीडिश संशोधक ब्रोनमार्क यांना टायटॅनियम हाडात रुजतं हे १९५२ मध्ये सशांच्या हाडातच दिसलं, आणि पुढच्या चाचण्यांत कुत्रीही होती. प्रश्न गरजेचा आहे. सुळा नसलेलं कुत्रं व्यवस्थित जेवतं. इम्प्लांट बसवायचा म्हणजे एकदा बेशुद्धी, रुजायला तीन-चार महिने, मग टोपी लावायला परत बेशुद्धी. ८ ते १३ मिमी लांबीच्या त्या स्क्रूवर कुत्रं बाजूने ओढत चावणार. शिवाय रोज ब्रश केला नाही तर भोवतीचं हाड झिजतं. मोडलेला सुळा वाचवायचा तर रूट कॅनाल आणि धातूची टोपी. तिथेही दाताचं मूळ आतून साफ करायच्या माणसांच्या फाइली (२१, २५, ३१ मिमी) मोठ्या कुत्र्याच्या सुळ्याच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, ४० ते ६० मिमीच्या लागतात.

दातांच्या दवाखान्यातून घेण्यासारखी वस्तू दुसरीच आहे: कच्च्या (तात्पुरत्या) टोप्या बनवायचं बिस-ॲक्रिल, म्हणजे दातावर कडक होणारं प्लास्टिक. खालचा जबडा मोडला असेल तर दातांभोवती २४ गेजची तार, दात पॉलिश करून ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५-२० सेकंद, धुवून कोरडं, वर बिस-ॲक्रिलची पट्टी. जबड्यात ताण दातांच्या कडेला येतो आणि तिथे स्क्रू मारले तर मुळं फुटतात, म्हणून ही पट्टी प्लेटीपेक्षा बरी. आधी तोंड मिटवून सुळे एकमेकांत बसतात ना ते पाहायचं. बेशुद्धीसाठी श्वासनळीत घातलेली नळी तोंडाऐवजी गळ्यातून बाजूला काढली तर ते नीट पाहता येतं.

उंडी
गुरांचा काय? गायीक ताटा लावन काय करतलास, ती उठता-बसताना सगळो भार मागच्या पायांर घालता.
गंभीरपणे सांगायचं तर कोकण कपिला ही आपली गावठी गाय अंगाने लहान असली तरी मोठ्या गायीच्या मांडीला माणसांची ४.५ ची रुंद प्लेटही भरवशाची नाही. वासराच्या नळीच्या (पायाच्या खालच्या, खुरावरच्या) हाडाला मात्र माणसांचं सामान चालतं: मोडलेल्या जागेच्या वर ४ मिमीच्या दोन-तीन स्टाइनमन पिना (टोकदार सळया) आडव्या घालून त्या फायबरग्लासच्या प्लास्टरमध्ये पकडायच्या. कोकण कन्याळ शेळीची नळी साध्या प्लास्टरनेही जुळते. पण जूनमध्ये साधं प्लास्टर घातलंत तर गोठ्यात चार दिवसांत लगदा. आतला कापूस भिजला की जखम, आणि मग किडे. खुरांची टोकं उघडी ठेवा, रोज हाताने गार-गरम बघा, सूज आली तर त्याच दिवशी फोडा.

पागोळी
उंडी, पिना कातडीतून जिथे बाहेर येतात तिथे प्लास्टरला खिडकी ठेवू नका. कडा भिजत राहते आणि पिन ढिली होते. तीन-चार आठवड्यांनी पूर्ण काढून एक्स-रे.

रापण
दातांचं करवंदांचं मान्य, ते यादीतून काढलं. गायीच्या मांडीचंही काढलं. कुत्र्यांच्या २.० ते ३.५ वर मी ठाम आहे.

गडगा
मग ज्याच्याकडे २.५ चा षट्कोनी पेचकस आहे आणि सहा आठवड्यांनी एक्स-रे काढायची सोय आहे, त्यानेच ठाम राहावं. नाहीतर ती प्लेट काढायची वेळ आली की परत मुंबईच.