'शारीरिक खेळ' म्हणजे नक्की कुठला? मैदानी, बैठे की फिजिकल

नमस्कार मंडळी, एक शब्द पंधरा दिवस डोक्यात अडकलाय म्हणून इथे टाकते. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत गणपतीत स्पर्धा असतात, यंदा नोटीस लागली की ट्रॉफी "फक्त शारीरिक खेळांना", बुद्धिबळ आणि कॅरम गेले करमणुकीच्या कार्यक्रमात. माझ्या मुलीने बुद्धिबळात नाव दिलं होतं, ती हिरमुसली. पण मी विचारायला गेले तर कमिटीतल्या तिघांनी शारीरिकचे तीन अर्थ सांगितले. एक काका म्हणाले घाम निघतो तो. दुसरे म्हणाले मैदानात खेळतात तो. आणि एक काकू म्हणाल्या फिजिकल म्हणजे अंगाला अंग भिडतं, कबड्डीसारखं. मग बॅडमिंटनचं काय, तिथे तर मध्ये जाळी असते, यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं आणि बॅडमिंटन मात्र यादीत आहे!

मुळात "शारीरिक खेळ" असं आपण बोलतो का? माझ्या कानावर तरी लहानपणी हा शब्द आलेला नाही. शाळेच्या वेळापत्रकात "शारीरिक शिक्षण" असायचं, त्यालाही तोंडाने पीटीच म्हणायचो. खेळांची वाटणी आपल्याकडे मैदानी आणि बैठे अशी. म्हणजे एकात जागा सांगितली, दुसऱ्यात बसणं सांगितलं, शरीर किती लागतं हे दोन्ही शब्द सांगतच नाहीत. त्यात शाळेच्या क्रीडा स्पर्धांत "मैदानी" म्हणजे परत वेगळंच, फक्त धावणं, उड्या, फेकी. कबड्डी मैदानातच खेळतात तरी ती "मैदानी स्पर्धां"त येत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातली तीन माणसं घ्या. सावरपाड्याच्या कविता राऊत, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला ब्रॉन्झ, तिथे काही वादच नाही. विदित गुजराथी, बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर, २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सोनं जिंकलेल्या टीममध्ये होता, खेळ बैठा. आणि चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंगला, म्हणजे नाव वल्हवायच्या शर्यतीत, १३ वे आले. रोइंग बसूनच करतात ना? २००० मीटर पूर्ण बसून, तेही शेवटच्या रेषेकडे पाठ करून. खालची बैठक मागेपुढे सरकते, पायाने फळीला रेटा द्यायचा आणि मग पाठ आणि हात वल्ही ओढणार, जास्त जोर पायांचाच. मग याला बैठा खेळ म्हणणार का कोणी? नाही ना! म्हणजे बसण्याचा आणि शरीराचा संबंध तिथेच संपला. तर नोटिशीत योग्य शब्द कुठला हवा, सांगा.

—

ताई, मी भरतीची तयारी करतोय, आमच्यात फिजिकल म्हणजे खेळ नाहीच. फिजिकल म्हणजे पोलीस भरतीची मैदानी चाचणी, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० च्या जागी ८००, सगळे मिळून ५० मार्क. "फिजिकल झालं, लेखी बाकी आहे" असं बोलतात, नाहीतर सरळ ग्राउंड, "ग्राउंडला किती पडले?" सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जाऊन बघा, हेच ऐकू येईल. मैदानी, ग्राउंड, फिजिकल, तिन्ही शब्द आमच्याकडे एकाच गोष्टीला.

आणि काकूंचा अर्थ पण चूक नाही हां, फुटबॉल बघताना आम्ही पण म्हणतो "हे लई फिजिकल खेळतात", म्हणजे धक्काबुक्की करून, अंगावर जाऊन. पण तो खेळाचा प्रकार नाही, खेळायची पद्धत झाली. त्याला मराठीत धसमुसळा शब्द आहे की.

—

मी ३१ वर्षं पीटी शिकवलं, आता रिटायर. ते घामाचं कृपा करून काढून टाका ताई, घामावर ठरवलं तर नेमबाजी बाद होईल. १० मीटर एअर रायफलला मधला दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर, अर्धा! पेन्सिलचं टोक टेकवलं तर झाकेल. तिथे घाम नाही, धावपळ नाही, पण श्वास कुठे थांबवायचा, खांदा कसा सैल ठेवायचा, बोट किती हळू ओढायचं हे सगळं शरीराचंच काम आहे. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने याच प्रकारात सोनं आणलं. मी मुलांना सांगायचो, न हलणं ही पण हालचालच आहे, आणि ती शिकायला वर्षं जातात.

बाकी हा घोळ आपल्यापुरता नाही. ब्रिज, म्हणजे पत्त्यातला, २०१७ ला युरोपच्या कोर्टात गेला होता, करमाफीचा मुद्दा होता, कोर्टाने सांगितलं शरीराचा भाग नगण्य आहे म्हणून हा स्पोर्ट धरता येणार नाही. आणि पुढच्याच वर्षी जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये त्याच ब्रिजला मेडल होतं, आपल्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सोनं आणलं, बर्धन तेव्हा साठीचे. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला, म्हणजे फिडेलासुद्धा, ऑलिम्पिक समितीची मान्यता १९९९ पासून आहे. तेव्हा "क्रीडा" हा शब्द मोठा आहे आणि "शारीरिक" त्यातला एक तुकडा. तुमच्या कमिटीने दोन्ही एकच धरलेत, माझ्या मते खरी चूक ती.

—

सर, खूप आभार, "न हलणं ही पण हालचाल" हे मी लिहून ठेवलं. यावरून मला आमच्या घरातलं आठवलं, जरा लांब आहे पण सांगते.

माझे मोठे काका पंचवटीत राहायचे, वाड्याच्या ओसरीवर रोज संध्याकाळी कॅरम. बोरिक पावडर टाकून तळहाताने पूर्ण बोर्ड गोल गोल पुसून घ्यायचे, मग स्ट्रायकर रेषेवर ठेवून नखाने एकदा टक करायचे, नेम दुसऱ्याच सोंगटीवर वाटायचा आणि जायची राणी. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजव्या हाताची बोटं कामातून गेली. बुद्धिबळ ते पुढे चार वर्षं खेळले, ते सांगायचे "घोडा तिकडे, उंटासमोर" आणि मी त्यांची सोंगटी उचलून ठेवायचे, आणि तरी मला हरवायचे. डाव त्यांचाच होता, माझा हात नुसता वापरला. कॅरमचं तसं होईना. मी म्हटलं तुम्ही सांगा कुठे मारू, मी मारते, दोनच दिवस केलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी म्हणाले नको, हा तुझा खेळ आहे, माझा नाही. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला तो शेवटपर्यंत तसाच.

मला वाटतं यातच उत्तर आहे. ज्या खेळात तुमच्या वतीने दुसऱ्याने हात चालवला तरी डाव तुमचाच राहतो, तो शरीराचा नाही. जिथे हात बदलला की खेळच दुसऱ्याचा होतो, तो शरीराचा. फिडेच्या नियमातसुद्धा आहे की सोंगट्या हलवता येत नसतील तर मदतनीस चालतो.

आणि गंमत बघा, आपली भाषा हे आधीपासून ओळखून आहे. कॅरममध्ये नेम चुकला की आपण म्हणतो "आज हात बसला नाही". बुद्धिबळात हे कोणी म्हणत नाही, तिथे "चाल चुकली" किंवा "लक्षातच आलं नाही". धावताना "दम भरला". कबड्डीत तर दम हा खेळाचाच शब्द आहे, दम तुटला की चढाई गेली. हरल्यावर माणूस कशाला दोष देतो ते ऐकलं की खेळ कशाचा आहे ते कळतं, दमाला, हाताला की डोक्याला. "शारीरिक" म्हटलं की दम आणि हात दोन्ही एका पोत्यात जातात. बाकी बुद्धिबळ या शब्दात स्वतःचंच बळ आहे, ते मला फार आवडतं!

—

ताईंची हात बदलण्याची कसोटी पटली, पण एक खाच आहे. पॅरालिम्पिकमध्ये बोचिया म्हणून नेमाने बॉल टाकायचा खेळ आहे, त्यातल्या एका गटात खेळाडूला बॉल फेकता येत नाही, घसरगुंडीसारखी उतरंड असते आणि मदतनीस ती खेळाडूच्या सांगण्यावरून फिरवतो. म्हणजे हात दुसऱ्याचा झाला की. मी फिजिओथेरपीत आहे म्हणून माहितीये. फक्त दोन नियम आहेत, मदतनीसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं, आणि बॉल सोडायचा शेवटचा स्पर्श खेळाडूचाच, हाताने नाही जमलं तर डोक्याला बांधलेल्या काठीने. तो शेवटचा स्पर्श कोणाला देता येत नाही.

आणि तुमच्या कसोटीने ईस्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, पण आत येतात बरं का, हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये त्यांना मेडल होती. माऊसवरचं बोट दुसऱ्याचं नाही चालत.

—

बोचियाचं माहीत नव्हतं, वाचून अंगावर काटा आला. शेवटचा स्पर्श स्वतःचा, मग माझी कसोटी तशीच लिहायला हवी. ईस्पोर्ट्स आत येत असतील तर येऊ देत, तोही हात बसण्याचाच खेळ आहे, माझा मुलगा तासन्‌तास बसतो म्हणून मला आवडत नाही हा मुद्दा वेगळा, तो शब्दाचा नाही.

तर नोटिशीसाठी असं लिहिलंय : "दमाचे खेळ, हाताचे खेळ, डोक्याचे खेळ", तिन्हीला ट्रॉफी. कसं वाटतं?

—

"दमाचे" नको, पटकन वाचताना दमा आठवतो. "दमसासाचे" करा. गवयाच्या गाण्याला वापरतात तो शब्द पण पळणाऱ्यालाही तेवढाच बसतो. आणि "हाताचे" ऐवजी "कसबाचे", नाहीतर फुटबॉलवाली मुलं विचारतील आमचे पाय कुठे गेले.

—

घेतले सर दोन्ही. रविवारी मीटिंग आहे, कागद घेऊन जातेय, मुलगी म्हणते मी पण येणार.