ॲट्रॅक्टर पॉइंटवर बंदी घाला (निदान ज्युरीपुरती तरी)

तिरकी_रेघ: मंडळी, नुकताच मुंबईतल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांची डिझाइनं तपासायला, बसलो होतो. निम्म्या शीटांवर तेच: दर्शनी भागाला जाळी, एका ठिकाणी भोकं मोठी, तिथून लांब जावं तशी बारीक. ग्रासहॉपर (आकड्यांवरून आकार काढणारं डिझाइन सॉफ्टवेअर) न वापरणाऱ्यांसाठी सांगतो. पृष्ठभागावर बिंदूंची चौकट टाकायची, बाजूला आणखी एक बिंदू ठेवायचा, तोच ॲट्रॅक्टर पॉइंट. चौकटीतल्या प्रत्येक बिंदूचं त्याच्यापासूनचं अंतर काढायचं आणि ते रीमॅप करून, म्हणजे हव्या त्या मर्यादेत बसवून, भोकाचा व्यास ठरवायचा. नाहीतर त्या आकड्याइतका बिंदू लंब दिशेने उचलायचा, की सपाट भिंतीला उंचवटा येतो. चहा निवायच्या आत फसाड तयार! हा बिंदू इथेच का, असं विचारलं तर उत्तर आलं, "सर, इथे छान दिसत होता." बिंदू कशाचा ते सांगता येत नसेल तर काढून टाका, एवढंच माझं म्हणणं.

गिरगावकर: छान दिसणं हा गुन्हा कधीपासून झाला? व्हीटीच्या दगडात कोरलेले प्राणी कोणतं ऊन अडवतात हो?

तिरकी_रेघ: ते कोरीवकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. प्रत्येक प्राण्यावर कुणीतरी वेळ घातलाय, स्क्रीनवरचा स्लायडर नाही ओढला.

गिरगावकर: म्हणजे घाम गाळला तरच सौंदर्य! बरं, आमच्या ग्रुपने बिंदूला 'सूर्य' नाव दिलं होतं. ते तरी चालेल ना?

तिरकी_रेघ: ते तर अजिबात नाही. सूर्य इतका लांब आहे की किरण समांतरच येतात. सपाट भिंतीच्या या टोकाला आणि त्या टोकाला ऊन सारखंच. फरक पडतो तो शेजारच्या टॉवरच्या सावलीने किंवा भिंतीच्या वळणाने. ॲट्रॅक्टर मोजतो अंतर, आणि उन्हाला इथे अंतराशी देणंघेणं नाही. शिवाय मुंबई १९ अंश उत्तरेला. साधारण मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, बाकी वर्ष दक्षिणेला. संध्याकाळी पश्चिमेकडून आडवं ऊन, ते निराळंच. हे सगळं एका बिंदूत कसं कोंबणार?

परळची_आर्किटेक्ट: सर, सूर्याचं पटलं, बंदीचं नाही. उन्हासाठी ग्रासहॉपरला जोडायचं लेडीबग हे प्लगइन आहे. हवामानाची फाइल द्यायची, वर्षाच्या ८,७६० तासांचा हिशोब होऊन प्रत्येक पॅनलवर किती ऊन पडतं तो आकडा मिळतो. तो अंतराच्या जागी जोडला की पुढची मांडणी जशीच्या तशी चालते. त्यामुळे सुरुवातीला आम्ही ॲट्रॅक्टरच ठेवतो, खरे आकडे नंतर येतात. आणि काही ठिकाणी अंतर हेच खरं माप असतं. गेटपाशी माणूस भिंतीला खेटून चालतो, तिथे बारीक नक्षी दिसते. दहाव्या मजल्यावर ती कोण बघतंय?

साकीनाका_पत्रा: आम्हा पत्रा कापणाऱ्यांना कोणी विचारत नाही, तरी बोलतो. लेझरला १२ मिमी काय अन् १३.७ काय, फरक पडत नाही. पण टरेट पंचला, म्हणजे ठोकून भोकं पाडणाऱ्या मशीनला, प्रत्येक मापाचं टूल वेगळं, आणि तुमच्या फायलीत हजार भोकं, हजार मापं. ती पाच-सहा मापांत बसवा, रस्त्यावरून कोणाच्या बापाला कळत नाही. आणि दोन्हीकडून वळणारा उंचवटा पत्र्यात मागू नका. त्याला साचा लागतो, नाहीतर त्रिकोणी तुकडे करावे लागतात. भोकं फार मोठी केलीत तर मागे कबुतरं घर करतात, तेही तुमच्या हिशोबात घाला.

गिरगावकर: कबुतरांसाठी उलटा ॲट्रॅक्टर! तरी मी म्हणेन, शिकताना बिंदू मनाला येईल तिथे ठेवू द्या. आधी गंमत कळली तर पुढे लेडीबगपर्यंत जाईल पोरगं.

तिरकी_रेघ: घरी ठेवा की! शीटवर आणलात तर मी विचारणारच.

थर्ड_इयर: मी गेटवाला बिंदू घेतेय. साकीनाका दादांची पाच मापं करायची तर राउंड (आकडा ठरावीक मापाला आणणं) रीमॅपच्या आधी लावू की नंतर?

परळची_आर्किटेक्ट: नंतर. आधी लावलंस तर अंतर राउंड होईल, व्यास पुन्हा वेडेवाकडेच येतील. आणि सगळ्यांत लहान माप पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नकोस, पंच मोडतो.